हजर अकरा

सरकारला समतेची उबळ आली की ती थेट तक्त्यात उतरते. गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयात असाच एक तक्ता आला. कार्यालयाचं नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायचीय. हिंगोलीत आहे, दुमजली आहे, जिन्याच्या कोपऱ्यांत गुटख्याच्या पिचकाऱ्या आहेत. एवढ्यावरून ओळखत असाल तर ओळखा.

तक्त्याचं नाव होतं 'समता परिणाम पत्रक'. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जी योजना बंद करायची असेल, तिच्या प्रस्तावाला हे पत्रक जोडायचं. ही योजना बंद केली तर बायकांवर परिणाम होतो का? मुलींवर होतो का? भटक्या-विमुक्तांवर? अपंगांवर? प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन, 'होतो' आणि 'होत नाही'. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. पैसे कापताना खाली कुणाची मान येते ते आधी बघावं, असं कुणाच्या तरी मनात खरंच आलं असणार. बघायचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

मी प्रियदर्शनी, हट्टा गावची. सांख्यिकी सहायक, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. दर मार्चमध्ये माझं पुढचं कंत्राट रामप्रसाद साहेबांच्या सहीनं होतं, म्हणून फेब्रुवारीत मी जरा जास्त नमस्कार करते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं मी काय केलं ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा. पण हेही लक्षात असू द्या.

एकूण सतरा प्रस्ताव होते. त्यातले सोळा मी खुर्चीतून न उठता भरले. कुठं फलक रंगवायचे राहिले होते, कुठं कुणी कधी न पाहिलेलं प्रशिक्षण रद्द करायचं होतं. 'होत नाही', 'होत नाही', 'होत नाही'. खुणा करून करून बोटांना सवय लागली. सतरावा प्रस्ताव हंगामी वसतिगृहांचा होता, आणि त्याला जागेवर जाऊन पाहणी सक्तीची होती.

हंगामी वसतिगृह म्हणजे मोठी इमारत वगैरे काही नाही. दिवाळी झाली की तांड्यांवरची माणसं कऱ्हाड-सांगलीकडं ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढं-मागं परततात. तेवढ्या दिवसांत पोरांची शाळा बुडू नये म्हणून तांड्यावरच्या शाळेच्याच दोन खोल्यांत त्यांची झोपायची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय. वरण, भात, पोळी, एक बाई स्वयंपाकाला, एक राखायला. बस. 'बंद करण्याचा प्रस्ताव विचाराधीन' म्हणून यंदा दिवाळीपासूनच त्या खोल्या उघडल्या नव्हत्या. म्हणजे आधी बंद केलं, आणि बंद केल्यानं काय होईल ते तपासायला जानेवारीत मला पाठवलं. आमच्याकडं याला नियोजन म्हणतात.

पाहणीचा नियम असा होता: भेटीच्या दिवशी जी मुलं समोर हजर असतील त्यांचीच डोकी मोजायची. मागं एका ठिकाणी वहीत चाळीस पोरं निघाली होती आणि ताटांवर नऊ. त्याचा बराच बोभाटा झाला, तेव्हापासून सरकारनं कानाला खडा लावला. डोकं दिसलं तर मोजा, फोटो काढा, फोटोवर तारीख, वेळ आणि जागा उमटली पाहिजे. दहा किंवा जास्त मुलं बाधित आढळली तर 'होतो' वर खूण. तशी खूण पडली की प्रस्ताव परत आणि वसतिगृह सुरू. दहाच्या खाली असली तर 'होत नाही'.

मी डोंगरकडा गावापुढच्या वसरामनाईक तांड्यावर गेले. पन्नासेक घरं, त्यातल्या चाळीसांना कुलपं. दोन म्हातारे उन्हाला बसले होते. एका दारात भिकाबाई हरभऱ्याचे घाटे सोलत होती. सत्तरीची असेल, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आवाज असा की समोरच्या टेकाडावर ऐकू जावा. सहा वर्षं तिनंच वसतिगृहाचा स्वयंपाक केला होता, हे तिनं बसायला चटई टाकायच्या आधी सांगितलं.

"पोरं कुठायत, आजी?"

"फडावर. आन् कुठं असतील? तुमी कुलूप लावलं, मंग पोरायनं काय दाराला कान लावून बसावं का?"

मी तांडाभर फिरून मोजलं. शाळेच्या वयाची हजर मुलं, शून्य. शून्य म्हणजे दहाच्या खाली. पत्रकाच्या हिशेबानं, कुणीच दिसत नाही म्हणजे कुणावरच परिणाम नाही. पोरं दिसत नाहीत हाच तर परिणाम होता, पण त्याला चौकोन ठेवलेला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भिकाबाईला पत्रक दाखवलं आणि नियम समजावून सांगितला. तिला वाचता येत नव्हतं, पण कळायला वेळ लागला नाही.

"म्हंजी तू आज 'न्हाई' लिवणार."

"आज तर तेच लिहावं लागेल."

तिनं घाट्यांची परडी बाजूला सारली. "मंग ऐक बाई. माझी नात हाये, निलम. तेरावं सरलं तिचं, सातवीत हाये, हुशार हाये. माझा जगन काय म्हणून राहिला, ते सांगते. तो आन् सून पहाटं ऊस तोडायला जातेत. खोपीत पोरगी एकली. दार न्हाई, कडी न्हाई, भोवती सतरा गावची माणसं. पोरगी वयात आलेली. जीव टांगणीला ऱ्हातो त्याचा. म्हणतो, पुढल्या साली वसतिगृह असलं तं शिकंल, नसलं तं फागणात लगीन लावून देतो. पोरगा पाहून ठेवलाय. लगीन झालं की जोडी झाली, जोडी झाली की मुकादम कोयता देतो."

ऊसतोडीत एकट्या माणसाला काम नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या हट्ट्याकडूनही ट्रक भरून जातात. पण कोयत्याच्या अर्ध्या भागाचं वय तेरा असू शकतं, हा विचार मी कधी शेवटपर्यंत केला नव्हता.

"तेरा वर्षांची आहे हो ती."

"मला बी कळतं. मी आडवी पडली त्याला. म्हणलं, सरकारचं उत्तर येऊ दे, तवर पोरीचं नाव काढू नको. ऐकून राहिला माझं. पर किती दिवस ऐकंल?"

तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडं ट्रॅक्टर घुरघुरत होता आणि त्यावरून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. "मॅडम, वसतिगृह उघडलं का?" मी म्हणाले, अजून नाही. "मी इथं अभ्यास करते. माझी बहीण आहे शितल, दुसरीत, तिचे सतरापर्यंत पाढे करून घेतले." मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

आणि तिथं मला ती अक्कल सुचली. नियम हजर पोरं मागतो ना? मग पोरं हजर करू. मी भिकाबाईला म्हणाले, "अठ्ठावीस तारखेला मी परत येते. आजची भेट कागदावर धरत नाही. त्या दिवशी फडावरची दहा पोरं इथं उभी दिसली पाहिजेत. दिसली की मी 'होतो' लिहिते."

"दहा?"

"दहा. अकरा असली तर अजून बरं."

"बराबर. आणते," ती म्हणाली.

परतताना स्कुटीवर मी स्वतःवर खूश होते. आखाडा बाळापूरला थांबून चहा प्यायले, वर भजीही खाल्ली. नियमाला नियमानंच गाठलं असं वाटत होतं. इतकी वर्षं तक्ते भरले आणि तक्त्यावर विश्वास ठेवला. गाढव होते.

अठ्ठावीसला मी पोचले तेव्हा शाळेच्या अंगणात अकरा पोरं रांगेत उभी होती. जगननं तीन वेगवेगळ्या फडांवरून ती गोळा केली होती, दोन गाड्या बदलून बाळापूरला उतरवली होती आणि तिथून टेम्पोत घालून आणली होती. तो स्वतः भिंतीला टेकून उभा होता, डोळे तांबारलेले, चाळिशीच्या आतलाच पण पाठीत वाकलेला.

पोरांकडं बघून मला आधी आनंद झाला आणि मग काहीतरी खटकलं, पण काय ते तेव्हा कळलं नाही. भिकाबाईनं सगळ्यांना न्हाऊ घातलं होतं. केसांना तेल, मुलींच्या वेण्यांना लाल रिबिनी, ट्रंकांतून काढून धुतलेले गणवेश, आणि वरून लांब बाह्यांचे स्वेटर. थंडी होती, पण सकाळी अकराच्या उन्हात स्वेटर घालावा एवढी नव्हती. गुळाची लापशी झालेली होती. पोरांनी ती पोटभर खाल्ली होती, त्यामुळं तोंडंही हसरी.

"हजेरी घेते, मॅडम," रांगेच्या टोकाची मुलगी म्हणाली. तीच निलम. गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले होते, म्हणून तिनंच वही हातात घेतली आणि एकेक नाव पुकारलं. प्रत्येक पोर छाती पुढं काढून 'हजर' म्हणत होतं. सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली ती शितल, निलमची धाकटी, समोरचे दोन दात पडलेली. सात मुली, चार मुलगे. मी फोटो काढला. तारीख उमटली, वेळ उमटली, जागा उमटली.

निलमनं मला पाण्याचा तांब्या दिला तेव्हा बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्यांचे ओरखडे होते, काही जुने, काही ओले. तळहाताला फोड येऊन फुटलेले. मी भिकाबाईला बाजूला घेऊन विचारलं, हे झाकलं काहून?

"आता सरकारी माणसापुढं फाटकं लेकरू उभं करावं का?" ती रागावली. "तांड्याची लाज हाय का न्हाई आमाला? तू आमच्यासाठी येऊन राहिली, आमी तुला रडकी पोरं दाखवू?"

मला तेव्हा म्हणता आलं असतं की स्वेटर काढा, हात पुढं करा, मी पुन्हा फोटो काढते. म्हणाले नाही. तिनं इतक्या हौसेनं सजवलेल्या पोरांना हात दाखवायला लावणं मला अपमानाचं वाटलं. शिवाय नियमात डोकी होती, हात नव्हते.

निघताना जगन स्कुटीजवळ आला. "मॅडम, मुकादमाला दोन दिवसाची बोली करून आलो. लई शिव्या खाल्ल्या. पोरं माघारी न्यावं लागतेत, इथं खाऊ कोण घालंल? निलमला तेवढं याडीजवळ ठेवतो." याडी म्हणजे आई. "तुमचं पत्रक झालं का फोन करा. झालं तं लगीन मोडलं म्हणून समजा. मला काय हौस न्हाई पोरगी देऊन टाकायची. पर खोपीत मी तिला कुठं लपवू?"

"होईल," मी म्हणाले. इतक्या खात्रीनं मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक रामप्रसाद साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब वाईट माणूस नाही. लाच खात नाही, बायकांशी अदबीनं बोलतो, कागद नीट वाचतो. तो कागद नीट वाचतो, हेच त्या दिवशी नडलं.

"फोटो छान आलाय," ते म्हणाले. "गोड पोरं आहेत. वसतिगृह सुरू आहे का तिथं?"

"नाही सर. दिवाळीपासून बंद."

"आणि अठ्ठावीस जानेवारीला अकरा पोरं गणवेशात शाळेपुढं उभी. खाऊन-पिऊन तरतरीत. म्हणजे सोय बंद केली तरी पोरं गावातच आहेत की."

"नाही सर, ती फडावर असतात. ती बाधित आहेत."

साहेबांनी सूचनांचं पुस्तक काढलं आणि चौथं पान उघडून माझ्यापुढं धरलं. सोळा पत्रकं खुर्चीतून भरताना मला चौथं पान लागलंच नव्हतं, आणि सतराव्याला मी ते उलटलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं, बाधित मूल म्हणजे योजनेअभावी पालकांसोबत स्थलांतर करावे लागलेले मूल. त्याखाली आणखी एक ओळ होती. भेटीच्या दिवशी मूळ गावी हजर असलेले मूल स्थलांतरित समजू नये.

मी ती ओळ तीनदा वाचली. 

"सर, म्हणजे पोरगं गैरहजर असलं तर मोजायचं नाही, आणि हजर असलं तर ते बाधित नाही. मग दहा कधी होणार?"

साहेबांनी चष्मा काढून खरोखर विचार केला. "व्हायचे नाहीत," ते म्हणाले. "कुठल्याच तांड्यावर व्हायचे नाहीत. पण हे मी लिहिलेलं नाही, मॅडम."

"पण ही पोरं फडावरून आली होती सर. मोजणीसाठी."

"कोणी आणली?"

"मी आणायला सांगितली."

त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं. "मग शेऱ्यात तसं लिहा. पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून मुलं गोळा केली. खाली सही करा. मी जसंच्या तसं वर पाठवतो, एक अक्षर बदलणार नाही."

धमकी नव्हती ती. धमकी असती तर मी भांडले असते, भांडायला मला आवडतं. त्यांनी फक्त खरं लिहायला सांगितलं होतं. आणि मोजणीसाठी पोरं गोळा करणं हाच तर तो गुन्हा होता, ज्याच्यासाठी हा सगळा डोक्यांचा नियम आला होता. तसा शेरा लिहिला असता तर वसतिगृह उघडलं नसतंच कदाचित, पण निदान कुणीतरी वर विचारलं असतं की पोरं पाचशे किलोमीटरवरून का आणावी लागली. आणि मार्चमध्ये मी हट्ट्याला आईपुढं बसून भाकरी मोडत असते. आई माझ्या पगारावर आहे. हे खरंही आहे आणि निमित्तही आहे.

मी पेन उचललं, कोरं पत्रक ओढलं आणि 'होत नाही' वर खूण केली. बायका, होत नाही. मुली, होत नाही. भटके-विमुक्त, होत नाही. अपंग, होत नाही. हाताला सवय होतीच. पत्रक इतकं व्यवस्थित झालं होतं, फोटोसकट, की बाकीच्या तालुक्यांना ते नमुना म्हणून पाठवलं गेलं.

मी जगनला फोन केला नाही. रोज ठरवायची, उद्या करू. मला स्वतःची किळस येत होती, आणि किळस आली की माणूस काम टाळतं, मी तेच करत होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर भिकाबाई स्वतःच आली. निलमला घेऊन. दोघी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, निलम गणवेशात. मी दुपारच्या सुट्टीत उतरले आणि समोर या दोघी. त्यांना घेऊन मी आवारातल्या लिंबाखाली गेले.

"बाई, फोन न्हाई केला," भिकाबाई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "म्हणलं, कामात असशील."

"आजी, नाही झालं ते," मी म्हणाले. "बंद राहणार आहे."

"काहून? तू अकरा मोजले ना?"

"मोजले. पण पोरं तांड्यावर दिसली ना, त्यामुळं वरच्या लोकांना वाटलं की वसतिगृह नसलं तरी पोरं गावातच राहतात. मग कशाला हवं, असं..."

 मग तिनं हळूच विचारलं, "म्हंजी मी आणले म्हणून बंद झालं?"

इथं मला सांगायला हवं होतं. न आणता तरी बंदच झालं असतं, आजी. आणि आणायला मी सांगितलं होतं, तुम्ही नाही. दोनच वाक्यं होती.  ती कपाळावर हात मारून घेत होती, बांगड्या खळखळत होत्या, येणारे-जाणारे बघत होते, आणि मला त्या बघण्याची जास्त काळजी होती. साहेबांची गाडी फाटकातून आत येत होती.

"माझ्याच हातानं केलं गं माय," ती निलमला म्हणत होती. पुढचं ती त्यांच्या बोलीत बोलली, ते मला कळलं नाही.

निलम रडली नाही. ती विचार करत होती. गणित घातल्यावर हुशार पोरं करतात तसा कपाळाला आठी घालून.

"मॅडम," ती म्हणाली, "आम्ही इथं दिसलो म्हणून त्यांनी बंद केलं ना?"

"हं."

"मग आम्ही सगळे तिकडं गेलो, मी पण गेले, इथं एकपण मूल नाही दिसलं, तर पुढच्या वर्षी उघडतील का? शितलसाठी?"

एका शब्दाचं उत्तर होतं. नाही. नाही बाळा, तू गेलीस तरी नाही आणि राहिलीस तरी नाही, त्या पत्रकात तुझ्यासाठी जागाच ठेवलेली नाही. तिच्या तोंडाकडं बघून मला ते म्हणवलं नाही. मला तिथून सुटायचं होतं. एवढंच खरं आहे, बाकी मी नंतर स्वतःला खूप काही सांगितलं.

"हो," मी म्हणाले. "उघडतील."

"मग मी जाते," निलम म्हणाली.

तिनं ते इतकं साधेपणानं म्हटलं की मला आधी वाटलं, ती बसस्टँडवर जाते म्हणतेय. भिकाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. जगनला तिनं याच उत्तरासाठी थोपवून धरलं होतं, सरकारचं उत्तर येऊ दे म्हणून. ते आता माझ्या तोंडून आलं होतं. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि दोघी फाटकाकडं चालायला लागल्या.

त्या रस्त्याला लागेपर्यंत मला कळलं होतं, 'जाते' म्हणजे कुठं जाते ते. बालविवाह कळवायचा क्रमांक आमच्याच जिन्यात लावलेला आहे, पिचकाऱ्यांच्या थोडा वर. मी तो पाठ म्हणू शकते. फिरवला नाही. फिरवला असता तर पहिला प्रश्न आला असता, मॅडम, तुम्हाला कसं कळलं.

मार्चच्या शेवटी माझं कंत्राट वाढलं. त्याच आठवड्यात एका दुपारी टेबलावरचा मोबाईल वाजला.

"मॅडम, जगन बोलून राहिलो. वसरामनाईक तांडा."

"बोला."

"निलमचं झालं, परवा. लगेच नवऱ्यासंगं फडावर गेली ती. अजून वीस दिवसाचा ऊस हाये तिकडं." मागं तोच ट्रॅक्टर घुरघुरत होता. "याडी लई आडवी पडली होती, पर शेवटी तीच म्हणली, जाऊ दे. आन् निलम तं सोताच उभी राहिली. मॅडमनं सांगितलंय म्हणली."

 समोर नव्या वर्षाच्या कोऱ्या पत्रकांचा गठ्ठा होता.

"आता तांड्यावर एक बी लेकरू न्हाई, मॅडम. सगळे इकडं घेऊन आलो, तुमी म्हणल्या तसं. मोहनसिंगची दोन मोजणीनंतर म्हातारीजवळ ऱ्हायली होती, ती बी आणली. तुमी कधी बी जाऊन पाहा, फोटो काढा, कुणी दिसणार न्हाई."  मग जरा आवाज खाली करून, भीड पडल्यासारखं म्हणाला, "शितल आठ वर्साची हाये. उघडलं का तिचं नाव पहिलं लिवा."

"लिहिते," मी म्हणाले.

"मेहरबानी, मॅडम," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.